सुकलालचा नंबर

फोन आला तेव्हा मी फळ्यासमोर उभा होतो. खापरच्या बाहेर, हायवेला लागून आमच्या ट्रकवाल्यांच्या संघटनेची एक पत्र्याची खोली आहे. तिच्या भिंतीवर तो फळा आहे आणि रोज सकाळी सात वाजता त्याच्यासमोर उभं राहून मोठ्याने नंबर पुकारायचा, हे माझं गेल्या कित्येक वर्षांचं काम. ऐकायला आता कोण असतं म्हणा... दोन-तीन म्हातारे, चहावाली बाई आणि एक ट्रक. तरी पुकारतो. त्या सकाळी तोंड उघडलं आणि खिशातला फोन वाजला. शहाद्याहून सुकलालची मुलगी संगीता बोलत होती. वडिलांना ती दादा म्हणायची. "सलीमकाका, दादा गया." मी म्हणालो, "बरं." फोन खिशात टाकला आणि राहिलेला नंबर पुकारला. ज्या माणसाबरोबर मी पंचवीस-तीस वर्षं एका डब्यात जेवलो, त्याच्या मरणासाठी माझ्याकडे एक 'बरं' शिल्लक होतं. हे मी अभिमानाने सांगत नाही, पण लाजूनही सांगत नाही.

अंत्यविधीला गेलो नाही. लोक म्हणाले, मेल्यावर कसलं वैर? मला वैर नव्हतं, मला भांडायचं होतं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ही त्याने केलेली शेवटची लबाडी. आता वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर चार चांगले शब्द लिहा, असं मला सांगण्यात आलं आहे. चार होतील की नाही ठाऊक नाही, पण खरे होतील.

सुकलाल आमच्या गाडीवर ड्रायव्हर होता. माझ्या वडिलांचे दोन ट्रक होते आणि मी नुकताच कॉलेज सोडून त्यांच्या धंद्यात लुडबुड करायला लागलो होतो. मला 'सलीमशेठ' म्हणणारा पहिला माणूस तोच, आणि ते म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे हसू असायचं त्यावरून शेठ कोण हे कळायचं. हसला की आधी त्याचे खांदे हलायचे, आवाज मागून यायचा. काचेवर धूळ बसली की फडकं न शोधता स्वतःच्या सदऱ्याच्या टोकाने पुसायचा, त्यामुळे त्याचे सगळे सदरे एका बाजूने काळे. मला ट्रक चालवायला त्यानेच शिकवलं, तेही धडगावच्या घाटात. पहिल्या उतारावर माझा पाय ब्रेकवर गेला तसा ओरडला, "ब्रेकवर भरोसा ठेवानं नही, सलीमशेठ! ज्या गिअरवर चढना, त्याच गिअरवर उतरानं." घाटात मला ते जमलं. पुढे आयुष्यात त्यालाच जमलं नाही, ते येईलच.

बाहेरच्या माणसाला आमच्या नंबराची गोष्ट सांगायला हवी. व्यापाऱ्याचा माल आला, म्हसावदची पपई असो की नंदुरबारची मिरची, की तो कोणत्या ट्रकने न्यायचा हे भाव करून ठरत नसे. ज्याचा नंबर, त्याची फेरी. आणि आमच्याकडे नंबर ट्रकच्या नावाने नव्हता, ड्रायव्हरच्या नावाने होता. फळ्यावर खिळे ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्यावर एका ड्रायव्हरच्या नावाची पांढरी पत्र्याची पाटी. फेरी मिळाली की ती पाटी रांगेच्या शेवटी जायची. भांडण नाही, वशिला नाही. सख्खा भाऊ असला तरी त्याने रांगेतच यायचं.

तर त्या काळात उखा नावाचा एक जुना ड्रायव्हर होता. त्याचे डोळे गेले होते आणि तो ते लपवत होता. समोरून येणाऱ्या गाडीचा रंग तो शेजारी बसलेल्याला विचारायचा आणि आम्हाला वाटायचं, म्हातारा गप्पिष्ट आहे. एक दिवस त्याने भर दुपारी उभ्या बैलगाडीला ट्रक घासला. नशिबाने बैल सुटलेले होते. उखाची पाटी फळ्यावरून उतरली. पंधरा दिवसांनी तोच उखा आमच्याच स्टँडवर ओळखीच्या ड्रायव्हरांकडे चहाचे पैसे मागताना दिसला. सुकलालने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने बैठक बोलावली. मालक खुर्च्यांवर, ड्रायव्हर खाली. सुकलाल खालून उभा राहिला आणि म्हणाला, "जलम लाइनमा काढा त्यानी. आते डोया गयात म्हनीसन त्याले लाइनबाहेर काढानं का?" आणि खिशातून त्याने उखाची पाटी काढली. ती त्याने पिवळ्या रंगाने रंगवून आणली होती. रंग अजून ओला होता, त्याची बोटंही पिवळी होती.

पिवळ्या पाटीची कल्पना अशी त्याची. म्हाताऱ्या ड्रायव्हरची पाटी फळ्यावरच राहणार, रांगेतच राहणार. तिचा नंबर आला की जो ट्रक पुढे उभा असेल, मग तो कोणाचाही असो, त्याने ती फेरी म्हाताऱ्याच्या नावाने करायची. डिझेल आणि ड्रायव्हर वजा जाता भाडं म्हाताऱ्याच्या घरी, मालकाने त्यात हात घालायचा नाही. म्हातारा गेला तर त्याची बायको असेतो पाटी उतरवायची नाही. सगळे मालक तयार झाले, कारण तेव्हा ट्रक भरपूर होते आणि म्हातारा एकच होता. शहरातल्या नोकरदारांना पेन्शन असतं, आमच्याकडे ते खिळ्यावर टांगलेलं असायचं. नियम मीच लिहून काढले, अक्षर बरं म्हणून. ड्रायव्हर सोडून गेला तर काय, दारू पिऊन गाडी ठोकली तर काय, सगळं लिहिलं. शेवटी डोंगऱ्याने विचारलं, "अन् मालिक गया तो?" डोंगऱ्या धडगावकडच्या पाड्यावरचा. घरी पावरी बोलायचा, आमच्याशी अहिराणी-हिंदीची खिचडी. त्याचा प्रश्न ऐकून अख्खी बैठक हसली. सुकलाल सगळ्यांत जास्त हसला. "मालिक कोठे जाई, डोंगऱ्या? त्यानी गाडी आठेच शे ना!" मीही हसलो आणि वही मिटली. जन्मभर लोकांना येता-जाता पाहणारी माणसं आम्ही, आणि आम्हाला असं वाटलं की ट्रकवाला कुठे जाणार!

चांगली वर्षंही आली, ती नाकारून चालणार नाही. म्हाताऱ्याच्या फेरीला निघताना ड्रायव्हर त्याची पिवळी पाटी खिळ्यावरून काढायचा आणि केबिनमध्ये आरशाखाली टांगायचा. परत आला की फडक्याने पुसून पुन्हा खिळ्याला. ही प्रथा कोणी ठरवली नाही, आपोआप पडली. पुढे डोंगऱ्याचे गुडघे गेले आणि त्याची पाटी पिवळी झाली. आपल्या नंबराच्या दिवशी तो स्वच्छ फेटा बांधून धडगावहून जीपने यायचा, पाटी निघताना बघायचा आणि चहावालीला सांगायचा, "आज मी सुरत चालला." संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहायचा, सुरतच्या वाटेत आता काय लागलं असेल ते सांगत. एव्हाना सुकलालने स्वतः एक जुना ट्रक घेतला होता. मग दुसरा, करत करत पाच. आता तो खुर्चीवर बसायचा, पण त्याची स्वतःची ड्रायव्हरची पांढरी पाटी त्याने फळ्यावरून कधी काढली नाही. "मन्हं नाव आठेच राहू दे, शेठपना काय भरोसा?" असं म्हणायचा.

नंतर दिवस फिरले. मोठ्या कंपन्यांचे लांब ट्रेलर कारखान्याच्या दारातच माल भरायला लागले. व्यापारी मोबाइलवर गाडी बोलवायला लागले, त्यांना आमच्या रांगेशी काय देणं-घेणं? हद्दीपलीकडे गुजरातेत एका बड्या ठेकेदाराला रोजचे ट्रक हवे होते. त्याची अट एकच होती... तिकडे यायचं तर म्हाताऱ्यांच्या फेऱ्या इकडेच सोडून यायचं. आमचा एक मालक गेला. त्याचे तीन ट्रक गेले, पण त्याच्या गाड्या चालवून म्हातारे झालेले चौघे फळ्यावरच राहिले, कारण मालक गेला तर काय, हे मी लिहिलंच नव्हतं. ते चार उरलेल्यांच्या वाट्याला आले. त्या भाराने दुसरा गेला, त्याचे तिसऱ्यावर आले. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी आमची गत. जो थांबेल त्याच्यावर जाणाऱ्याचं ओझं, म्हणून जो तो आधी निघायची घाई करत होता. पूर्वी विसांतली एक फेरी म्हाताऱ्याची असायची, ती चारांतली एक झाली, मग तिनांतली एक. शेवटी मालक दोनच उरलो. मी आणि सुकलाल. फळ्यावर पांढऱ्यांपेक्षा पिवळ्या पाट्या जास्त.

एका दुपारी आम्ही दोघं त्याच्या ट्रकमध्ये बसलो होतो. मी त्याला म्हणालो, "सुकलाल, हे पेलवत नाही. तुझी मुलगी लग्नाची आहे, माझ्या डोक्यावर बँक आहे. जायचं तर जाऊ. पण चोरासारखं नको. म्हाताऱ्यांना बोलवू, समोर बसवू आणि त्यांच्या तोंडावर सांगू की आम्ही हरलो. एकट्याने कोणी जायचं नाही." हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तो गेला याचा मला राग आहे असं लोक समजतात. जाण्याचा विचार माझ्याही मनात होता. मी थांब म्हणालोच नव्हतो, सांगून जा एवढंच म्हणालो होतो. त्याने स्टेअरिंगवर उजवा हात ठेवला. आमच्या धंद्यात याहून मोठी शपथ नाही. "गाडी हालाना पहिले तुले सांगसू. हाऊ हात देख कोठे शे."

आठ दिवसांनी मी गाडीच्या पासिंगसाठी नंदुरबारला गेलो. मी दिवसभर तिथे अडकणार, हे त्याला माहीत होतं. मीच सांगितलं होतं. संध्याकाळी परत आलो तर फळ्यावर ओळीने सहा खिळे रिकामे. त्याच्या पाच ड्रायव्हरांचे आणि त्याचा स्वतःचा. बाकावर डोंगऱ्या बसला होता. त्या दिवशी डोंगऱ्याचा नंबर होता आणि पुढे ट्रक सुकलालचा होता. सकाळी सुकलालने त्याच्या देखत त्याची पिवळी पाटी काढून केबिनमध्ये लावली, मग थोडा वेळ उभा राहिला, आणि पुन्हा काढून, पुसून, खिळ्याला टांगून निघून गेला. डोंगऱ्याने मला विचारलं, "मी सुरत गया नही का?" सुकलाल, तू मला फसवलंस ते मी एक वेळ गिळलं असतं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण फेटा बांधून आलेल्या माणसाला तू बाकावर बसवून गेलास.

त्यानंतर माझे चार ट्रक आणि सोळा म्हातारे. मीही जाऊ शकलो असतो. गेलो नाही, त्यात मोठेपणा काही नाही. मी निघायच्या आत तो निघाला, म्हणून मला निघायला तोंडच राहिलं नाही. तीन ट्रक विकले. नंबर इतका उशिरा यायला लागला की काही म्हाताऱ्यांनी येणं सोडलं. एक जण सत्तरीत पेट्रोल पंपावर राखणदार झाला, एक मुलीच्या सासरी जाऊन राहिला आणि तिथल्या बोलण्यांनी दोन महिन्यांत खंगला. काही गेले, त्यांच्या मागे त्यांच्या बायकाही गेल्या. आता माझा एक ट्रक आहे आणि तीन पिवळ्या पाट्या आहेत... डोंगऱ्या, मगनआप्पा आणि हमीदचाचा. आठवड्याला दोन फेऱ्या होतात. त्यातली एक माझी, एक यांची. घर मुलाच्या टायरच्या दुकानावर चालतं, आणि तो मला रोज विचारतो की फळा कधी उतरवणार.

सुकलाल परत आला तो गेल्या हिवाळ्यात. तिकडच्या ठेकेदाराने त्याला दोन-तीन वर्षं वापरलं, मग स्वतःचे ट्रेलर आणले. गरज सरो, वैद्य मरो. पाचही ट्रक कर्जात गेले, हे मी ऐकून होतो आणि ऐकून मला बरं वाटलं होतं. एसटीतून उतरून तो हळूहळू खोलीपर्यंत आला. सदरा एका बाजूला तसाच काळा, पण आत माणूस राहिला नव्हता. काखेत कापडी पिशवी. म्हाताऱ्यांच्या बाकावर टोकाला बसला. डोंगऱ्याने त्याला जागा करून दिली. त्याने फळ्यावरची नावं वाचली आणि मग जणू मधली वर्षं गेलीच नाहीत अशा आवाजात मला म्हणाला, "मन्हा नंबर कवय येई, सलीम?"

मी म्हणालो, "तुन्हा नंबर तू लई गया."

त्याचे खांदे हलले. मागून आवाज काही आला नाही. त्याने चहा घेतला, पिशवी उचलली आणि शहाद्याच्या गाडीत बसला. माफी मागितली नाही. मागितली असती तर काय केलं असतं, हे मला सांगता येत नाही. पण मागितली नाही, हा माझा हिशेब अजून तसाच आहे.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी संगीता आली. लहानपणी ती माझ्या खांद्यावर बसून याच फळ्यावरची नावं वाचायला शिकली. तिच्या हातात तीच कापडी पिशवी. तिने आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. मी सोडलं. सुकलालची पाटी होती. पिवळी. कडेला ब्रशचे केस चिकटलेले, नाव मात्र सांभाळून राखलेलं, भोवतीने रंगवलेलं. "दादानी गये वरीस रंगाडी," संगीता म्हणाली. "त्या दिन तुमनाकडे लई उनथा. वापसबी लई गया." मी तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली. "मी मांगाले नही उनू, काका. आईनी सांगं, ज्यानी शे त्याले दी ये." ती तिची एसटी पकडायला गेली आणि मी पाटी हातात धरून बसलो. म्हणजे मी त्याला तसं बोललो तेव्हा ही पाटी त्याच्या काखेत होती... टांगण्यासाठी ती रंगवून, वाळवून तो आला होता, आणि माझ्या एका वाक्यावर ती तशीच परत घेऊन गेला. मला त्याचा भयंकर राग आला. माझाही आला. पण आधी त्याचा. पाठीत सुरा खुपसणाऱ्याने पुन्हा दाराशी येऊन आपल्याला लाज वाटायला लावावी, हे कुठल्या न्यायात बसतं?

नियम माझ्याच अक्षरात आहे. ड्रायव्हर गेला तरी त्याची बायको असेतो पाटी राहते. सुकलाल गुजरातेत जाण्याच्या आधी पंचवीसेक वर्षं याच फळ्याखाली चालला होता, आणि त्याची बायको कमलभाभी शहाद्यात एका खोलीत मुलीच्या कमाईवर आहे. पण चौथी पाटी टांगली की तिघांचा नंबर आठवडाभर लांबतो. हे माझ्या एकट्याच्या खिशातलं नव्हतं. म्हणून जे मी आणि सुकलालने करायचं ठरवलं होतं ते मी एकट्याने केलं. तिघांना बोलावलं, समोर बसवलं, पाटी मधे ठेवली आणि सगळं तोंडावर सांगितलं. मगनआप्पा भडकले. "मन्ह्या गोया बंद करीसन त्याले नंबर देवाना का?" त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या लागतात आणि त्या याच फेरीतून येतात, त्यामुळे त्यांचं चूक म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं. हमीदचाचांना ऐकू कमी येतं, त्यांनी फक्त पाटीवरून हात फिरवला. डोंगऱ्या गुडघे चोळत बसला. ज्याचा सगळ्यांत जास्त अपमान झाला तो हाच माणूस. मला वाटलं, हा थुंकेल.

"पिवळी शे ना?" तो म्हणाला. "मग नंबर लागी. लाइन त्यानी तोडी, आपन कसाले तोडो?" मग म्हणाला, "लेकिन सबसे पीछे."

मगनआप्पा उठून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांचा नंबर होता त्या सकाळी आले, फळ्यावरच्या नव्या पाटीकडे पाहिलं, आपली पाटी निघताना पाहिली आणि माझ्याशी न बोलता घरी गेले. नंतरच्या आठवड्यात हमीदचाचांची फेरी झाली. गेल्या आठवड्यात डोंगऱ्याची पाटी सुरतहून परत आली, मी ती पुसून खिळ्याला लावली. तो म्हणाला, या वेळी रस्त्याला गर्दी होती.

मी सुकलालला माफ केलेलं नाही. हा लेख वाचून कोणी तसं समजू नये. तो आमच्यातला सगळ्यांत चांगला माणूस होता आणि त्यानेच आम्हाला सगळ्यांत वाईट फसवलं, ही दोन्ही वाक्यं मला एकत्र लिहिता येतात, एकत्र पचवता येत नाहीत. ट्रक म्हसावदला पपई भरून उभा आहे, सकाळी इकडे येईल. सुकलालची पाटी शेवटच्या खिळ्यावर लावली होती, ती सरकत पुढे आली, आता तिच्या पुढे कोणी नाही. सात वाजता मला फळ्यासमोर उभं राहून त्याचं नाव मोठ्याने पुकारायचं आहे. ते नाव गेली कित्येक वर्षं माझ्या तोंडातून निघालेलं नाही... उद्या तुझा नंबर आहे, सुकलाल.